सुरक्षा हा ऐच्छिक विषय नाही

संगणक सुरक्षेचा पहिला तास मी वर्गात घेत नाही. नाशिकच्या इंदिरानगरहून पाथर्डी फाट्यामार्गे आम्ही पांडवलेणीला जातो, पायऱ्या चढतो आणि दहाव्या लेण्यापाशी थांबतो. नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याने तिथे एक लेख कोरवून घेतला आहे. ४२ व्या वर्षी त्याने हे लेणं भिक्षुसंघाला दिलं आणि सोबत ३००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली. गोवर्धन इथल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण, दरमहा शेकडा एक या दराने. दुसऱ्या श्रेणीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत करायचं नाही, व्याजातून भिक्षूंच्या गरजा भागवायच्या. पुढे लेख सांगतो की हा सारा व्यवहार निगमसभेत ऐकवला आहे आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवला आहे.

मी मुलांना विचारतो, ‘सभेत सांगितलं, फलकावर लिहिलं, वर दगडातही कोरलं. एका ठेवीसाठी एवढा खटाटोप कशाला?’ थोड्या वेळाने कोणीतरी बोलतं, ‘सर, एकाने नोंद बदलली तरी दुसरीकडे पकडली जाईल.’ विषयाला सुरुवात तिथेच होते. नोंद अबाधित राहावी आणि कोणी हात लावला तर ते कळावं, ही संगणक सुरक्षेच्या तीन मूळ गरजांपैकी एक. उरलेल्या दोन म्हणजे गोपनीयता आणि उपलब्धता. या तिन्ही गरजा संगणकाहून फार जुन्या आहेत.

हे इंदिरानगरपासून सुरू करायला कारण आहे. इंदिरानगर हे नोकरदारांचं, निवृत्तांचं आणि आता विद्यार्थ्यांचंही उपनगर. वडाळा-पाथर्डी रस्त्यावर गुरू गोबिंदसिंग संकुलात तंत्रनिकेतन आणि अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. महामार्गाच्या पलीकडे सिडको आणि पुढे अंबडची औद्योगिक वसाहत. संगणक शिकणारा मुलगा, कारखान्यात संगणकावर यंत्र चालवणारा कामगार आणि एका खोट्या फोनपायी निवृत्तीची पुंजी गमावू शकणारे आजोबा, असे तिघे इथे एकाच इमारतीत राहतात. विद्यापीठात संगणकशास्त्र आणि सायबर सुरक्षा कशी शिकवली जाते आणि त्यावर संशोधन काय होतं, याच्याशी या तिघांचाही संबंध आहे. म्हणून हा आढावा.

आपण इथवर कसे आलो

महाराष्ट्रात संगणक आधी संशोधन संस्थांत आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० च्या सुमारास टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक उभा राहिला. विद्यापीठीय शिक्षणाचं चित्र पालटलं ते १९८३ मध्ये. वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली. त्याच वर्षी पुण्यात पीआयसीटी सुरू झालं, १९८४ मध्ये नाशिकला क. का. वाघ अभियांत्रिकी महाविद्यालय. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था आली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. दरम्यान १९८९ मध्ये नाशिकलाच यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांनाही पदवीची वाट मिळाली.

या विस्ताराने हजारो घरांत पहिला इंजिनिअर आला. त्याचं मोल मोठं आहे. पण जागा वाढल्या त्या वेगाने शिक्षक तयार झाले नाहीत. शिकवणाऱ्यांची पहिली पिढी बरीचशी विद्यार्थ्यांसोबतच शिकत गेली. पुढे पुण्याच्या आयटी कंपन्यांतली नोकरी हे पदवीचं माप ठरलं. अभ्यासक्रमाचा सगळा भर ‘प्रणाली कशी बांधायची’ यावर राहिला आणि ‘बांधलेली प्रणाली कशी मोडते’ हा प्रश्न शेवटच्या प्रकरणापुरता उरला.

जगातही हा प्रश्न विद्यापीठांना उशिरा उमगला. २ नोव्हेंबर १९८८ ला कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या प्रोग्रामने त्या वेळच्या इंटरनेटवरची हजारो यंत्रं ठप्प केली. त्यानंतर कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकीय आणीबाणी हाताळणारं पहिलं पथक उभं राहिलं. भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मध्ये आला आणि सर्ट-इन ही राष्ट्रीय यंत्रणा २००४ मध्ये सुरू झाली. शिक्षणसंस्थांत या विषयाचं मनुष्यबळ घडवण्याचा केंद्र सरकारचा प्रकल्प त्यानंतरचा.

वर्गात काय चालतं

नाशिक जिल्ह्यातली बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठाच्या २०१९ च्या आराखड्यात तिसऱ्या वर्षाला नेटवर्क आणि सुरक्षा हा एकत्र विषय अनिवार्य होता. ‘इन्फर्मेशन सिक्युरिटी’ तिसऱ्या वर्षाला ऐच्छिक, आणि ‘सायबर सिक्युरिटी अँड डिजिटल फोरेन्सिक्स’ चौथ्या वर्षाला ऐच्छिक. सायबर सुरक्षेची ऑनर्सची सोयही होती. कागदावर पाहिलं तर विषय आहेत, आणि पुस्तकंही चांगली आहेत. अडचण त्यांच्या जागेची आहे. मुलगा आधी डेटाबेस वापरून प्रकल्प करू लागतो, वेबसाइट बनवतो आणि ती सुरक्षित कशी ठेवायची हे नंतर शिकतो, तेही त्याने तो विषय निवडला तर. तोवर हाताला लागलेली सवय एका सत्रात सुटत नाही.

प्रयोगशाळेतला एक तास सांगतो. मुलांनी आदल्या सत्रात बनवलेला मिनी प्रोजेक्ट मी त्यांनाच उघडायला लावतो. एका गटाचा वाचनालयाचा प्रकल्प होता. लॉगिनच्या चौकटीत नावाऐवजी एक अवतरणचिन्ह आणि ‘किंवा एक बरोबर एक’ अशा अर्थाचं विधान टाकायला सांगितलं. एक बरोबर एक हे कायमच खरं. डेटाबेसने ते नाव म्हणून न वाचता आज्ञा म्हणून वाचलं आणि पासवर्ड न मागता ग्रंथपालाचं खातं उघडलं. वर्ग गप्प झाला. प्रकल्प लिहिणारी मुलगी म्हणाली, ‘सर, याला पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते.’ एसक्यूएल इंजेक्शनचा हा प्रकार १९९८ पासून जाहीरपणे माहीत आहे. त्यावरचा उपायही सोपा आहे. आज्ञा आधी पक्की करायची आणि वापरणाऱ्याने टाइप केलेला मजकूर तिच्यात नुसता माहिती म्हणून भरायचा. त्या मुलीने अर्ध्या तासात सगळा कोड दुरुस्त केला. डेटाबेस शिकतानाच हे सांगितलं असतं, तर तो मुळात तसाच लिहिला गेला असता.

म्हणून माझं म्हणणं असं की सुरक्षा हा वेगळा विषय असावाच, पण त्याआधी ती प्रत्येक विषयातली शिस्त असावी. डेटाबेसच्या परीक्षेत इंजेक्शनचा प्रश्न असावा, ऑपरेटिंग सिस्टिममध्ये परवानग्यांचा, आणि प्रोग्रामिंगच्या पहिल्या सत्रात आलेला मजकूर तपासून घेण्याचा. स्वयंपाक शिकवताना हात धुणं चौथ्या वर्षासाठी राखून ठेवत नाहीत.

साधनांची सबब आता उरलेली नाही. सिरॅक्यूज विद्यापीठातले वेन्लियांग डू यांनी २००२ पासून उभे केलेले सीड लॅब्ज हे प्रयोग मोफत मिळतात आणि साध्या लॅपटॉपवर, आभासी यंत्रात बंदिस्त चालतात. मुलं त्यात हल्लाही करून पाहतात आणि बचावही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्ससारख्या विषयांचे मराठी पाठ आहेत. सी-डॅकचा नेटवर्क आणि सुरक्षेवरचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. कमतरता आहे ती हे प्रयोग आधी स्वतः करून पाहायला वेळ असलेल्या शिक्षकांची. घड्याळी तासिकांवर चार महाविद्यालयं फिरणाऱ्या शिक्षकाकडून प्रयोगशाळा उभारण्याची अपेक्षा करणं अन्याय आहे.

कुलपाचं शास्त्र मराठीला नवं नाही

गोपनीयतेचा धडा मी महानुभाव पंथापासून शिकवतो. आपले ग्रंथ परक्यांच्या हाती लागू नयेत म्हणून महानुभावांनी सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्या घडवल्या. एका अक्षराऐवजी दुसरं चिन्ह, ही त्यांची मूळ पद्धत. काही शतकं हे साहित्य बाहेरच्यांना वाचता आलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्यांनी ते मराठी अभ्यासकांसमोर आणलं.

मुलांना मी एक मराठी उतारा देतो, प्रत्येक अक्षराला ठरावीक चिन्ह लावून. कोणतं चिन्ह किती वेळा आलं ते मोजा, एवढंच सांगतो. मराठीत काही अक्षरं वारंवार येतात आणि बरीच वाक्यं ‘आहे’ने संपतात. तो एक शब्द सापडला की बाकीची साखळी सुटू लागते. महानुभावांच्या लिपीचं रहस्य पद्धतीत होतं. पद्धत कळली की सगळे ग्रंथ एकदम उघडे. ऑगस्ट केर्कहॉफ्स याने १८८३ मध्ये मांडलेलं तत्त्व इथे हाताला लागतं. पद्धत शत्रूला ठाऊक आहे असंच धरून चालावं आणि गुपित फक्त किल्लीत असावं. त्यानंतर १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी उघड्या वाटेवरून किल्ली ठरवण्याची युक्ती दाखवली, १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी आरएसए ही सांकेतिक पद्धत दिली. आपण आज मोबाइलवरून पैसे पाठवतो त्यामागे याच परंपरेतलं गणित आहे.

हे गणित आता पुन्हा बदलतं आहे. मोठा क्वांटम संगणक आरएसए फोडू शकेल, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवलं. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटमलाही पुरून उरतील अशा पद्धतींची पहिली तीन मानकं जाहीर केली. भारत सरकारच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. आज चोरून साठवलेली सांकेतिक माहिती उद्या उलगडली जाऊ शकते. त्यामुळे हा बदल आजच्या वर्गात यायला हवा.

संशोधनाचा ताळेबंद

संशोधनाबद्दल मात्र कठोर बोलावं लागेल. आपल्याकडच्या पदव्युत्तर प्रबंधांत एक विषय पुन्हा पुन्हा भेटतो. नेटवर्कवरची घुसखोरी मशीन लर्निंगने ओळखणे, अचूकता ९९ टक्के. त्यासाठी वापरलेला माहितीसंच बहुधा केडीडी कप ९९. तो १९९८ मध्ये अमेरिकेत प्रयोगासाठी तयार केलेल्या नेटवर्क-नोंदींवरून बनवला आहे. २००९ मध्ये महबोद तवल्लाई आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्यातल्या शिकवणीच्या नोंदींपैकी सुमारे ७८ टक्के आणि चाचणीच्या नोंदींपैकी ७५ टक्के नोंदी पुनरावृत्त आहेत. अशा संचावर मिळालेल्या ९९ टक्क्यांनी आजच्या नेटवर्कबद्दल फारसं काही कळत नाही.

आणि ९९ टक्के खरे मानले तरी हिशेब काय सांगतो? समजा एका संस्थेच्या नेटवर्कवर दिवसाला १० लाख जोडण्या होतात आणि त्यात खरे हल्ले २० आहेत. निर्दोष जोडण्यांपैकी एक टक्का चुकून पकडल्या, तर रोज १०,००० खोट्या सूचना येतील. एक सूचना तपासायला पाच मिनिटं धरली तर ८३३ तास झाले, म्हणजे आठ तासांच्या पाळीने शंभराहून अधिक माणसं फक्त हेच करत बसतील. हा हिशेब फळ्यावर मांडला की विद्यार्थी स्वतःच विचारतात, मग खरा प्रश्न कोणता? संशोधनाची सुरुवात त्या प्रश्नापासून व्हावी.

तसं होत नाही, कारण पदवीसाठी आणि बढतीसाठी शोधनिबंधांची संख्या मोजली गेली. २०१८ मध्ये पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये यूजीसीच्या मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीची चिरफाड केली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत आलेल्या आणि त्यांनी तपासलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्के कमी दर्जाची निघाली. त्यातून यूजीसी-केअर यादी आली आणि तिचा कक्ष पुणे विद्यापीठातच होता. यादी बदलून मोजमाप सुधारता येतं, हेतू सुधारत नाही.

चांगल्या संशोधनाला अवाढव्य साधनं लागतातच असं नाही. २००२ मध्ये आयआयटी कानपूरमधले मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे नुकतेच बी. टेक. झालेले दोन विद्यार्थी, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना, यांनी एखादी संख्या मूळ आहे की नाही हे निश्चितपणे आणि वाजवी वेळात ठरवणारी पद्धत दिली. निबंध अवघ्या नऊ पानांचा होता. जगभरच्या गणितज्ञांना वर्षानुवर्षं न सुटलेला प्रश्न त्यात सुटला होता.

प्रश्न इथेच आहेत

अंबड आणि सातपूरच्या लहान कारखान्यांत महागडी सीएनसी यंत्रं जुन्या संगणकांवर चालतात. यंत्र बदलणं परवडत नाही आणि संगणकाचं सॉफ्टवेअर बदललं तर यंत्र चालत नाही. अशा यंत्राला इंटरनेटपासून अलग कसं ठेवायचं आणि त्याची माहिती बाहेर कशी काढायची? हा पीएचडीच्या तोडीचा प्रश्न आहे. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या हल्ल्यामुळे मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं. उपलब्धता गेली की काय होतं ते तिथे अडकून पडलेल्या कंटेनरांवरून कळलं.

सहकारी बँका आणि पतसंस्था हा महाराष्ट्राचा कणा. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. हल्लेखोरांनी बनावट स्विच उभा करून एटीएमच्या मागण्यांना परस्पर होकार दिला आणि २८ देशांतून पैसे काढले गेले. सांकेतिक गणित कोणी फोडलं नव्हतं. होकार देणारा खरा आहे की खोटा, ही तपासणी निसटली. गावातल्या पतसंस्थेकडे स्वतंत्र सुरक्षा विभाग नसतो. तिच्यासाठी स्वस्त, समजायला सोपी तपासणी तयार करणं हे शेजारच्या महाविद्यालयाचं काम व्हायला हवं.

आणि सिंहस्थ. २००३ च्या नाशिक कुंभात चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. २०१५ च्या कुंभाआधी मूळचे नाशिकचे, एमआयटी मीडिया लॅबमधले रमेश रासकर यांच्या पुढाकाराने कुंभथॉन भरलं. त्यातून आलेला एक प्रयोग मला फार आवडतो. अशिओटो नावाची ही चटई रस्त्यावर अंथरायची. तिच्यावर पडणारी पावलं मोजली जायची आणि गर्दीचा अंदाज यायचा. किती माणसं गेली हे कळायचं, कोण गेलं हे कळायचंच नाही. गरज असेल तेवढीच माहिती घ्यायची, हे खासगीपणाचं सगळ्यात महत्त्वाचं तत्त्व त्या चटईत आपोआप पाळलं गेलं होतं. २०२७ च्या सिंहस्थात कॅमेरे, अॅप आणि बुकिंगच्या साइट असतील. कोणती माहिती गोळा होणार, किती दिवस राहणार, कोण पाहणार, हे विचारायची सवय आजच्या विद्यार्थ्याला लावली पाहिजे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा त्यासाठी वर्गात वाचून घ्यावा.

कायद्याची दुसरी बाजूही शिकवायला हवी. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ आणि ६६ या कलमांनुसार परवानगीशिवाय दुसऱ्याच्या प्रणालीत शिरणं महागात पडतं. एखाद्या मुलाला एखाद्या अॅपमध्ये भोक सापडलं, तर त्याने काय करावं? आधी थांबावं, पुढे खोदू नये, नोंद ठेवावी, मार्गदर्शकाला सांगावं आणि सर्ट-इनकडे कळवावं. प्रत्येक विद्यापीठात अशा मुलाच्या पाठीशी उभी राहणारी, नियम लिहून ठेवलेली समिती असावी. ती नसेल तर हुशार मुलं गप्प तरी बसतात किंवा वाट तरी चुकतात.

मराठीतून शिकवण्याचा फायदा

२०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयाला मराठीतून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग शिकवण्याची परवानगी मिळाली. त्यावर पुष्कळांनी शंका घेतल्या. माझा अनुभव असा की या विषयात मराठी उपयोगीच पडते. ऑथेंटिकेशन आणि ऑथरायझेशन या दोन शब्दांत चौथ्या वर्षाची मुलंही गोंधळतात. ‘ओळख पटणं’ आणि ‘परवानगी असणं’ म्हटलं की गोंधळ संपतो. सोसायटीचा वॉचमन तुम्हाला ओळखतो, म्हणून लिफ्टच्या खोलीची किल्ली देत नाही. एवढ्या एका उदाहरणावर अर्धा तास वाचतो. संज्ञा इंग्रजी राहू द्याव्यात, परीक्षेला त्याच लागतात. समजावणं मराठीत असावं.

शिवाय हे ज्ञान वर्गाबाहेर न्यायचं असेल तर दुसरी भाषा नाहीच. दरवर्षी आमची मुलं दोन-दोनच्या जोडीने इंदिरानगरातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीला जातात. ‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही अटक भारतीय कायद्यात नाही, पोलीस व्हिडिओ कॉलवर कोंडून ठेवत नाहीत, फोनवर ओटीपी बँकही मागत नाही आणि फसवणूक झाली तर लाज न बाळगता तत्काळ १९३० ला फोन लावायचा, एवढंच सांगतात. एका आजींनी विचारलं, ‘पण बाळा, तो माणूस माझ्या मुलाचं नाव, पत्ता सगळं बरोबर सांगत होता, मग खोटा कसा?’ परतताना मुलं वाटभर त्याच प्रश्नावर बोलत होती. माहिती असणं म्हणजे ओळख पटणं नव्हे, हे त्यांना पुस्तकात वाचून जितकं कळलं नव्हतं तितकं त्या दिवशी कळलं. त्या प्रश्नातून दोघांनी पुढे प्रकल्पाचा विषय घेतला.

निष्कर्ष

चाळीस वर्षांत महाराष्ट्राने संगणक शिकलेली माणसं मोठ्या संख्येने घडवली. त्या माणसांनी बांधलेल्या प्रणालींवर आता बँका, बंदरं, कारखाने आणि कुंभमेळे चालतात. पुढचं काम त्या प्रणाली विश्वासाला पात्र करण्याचं आहे. त्यासाठी पहिल्या सत्रापासून प्रत्येक विषयात सुरक्षेचा धडा, प्रत्येक महाविद्यालयात हल्ला आणि बचाव दोन्ही करून पाहता येईल अशी बंदिस्त प्रयोगशाळा, पूर्णवेळ शिक्षक, निबंधांच्या संख्येऐवजी परिसरातल्या प्रश्नावर मोजलं जाणारं संशोधन, आणि प्रामाणिकपणे चूक दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला संरक्षण, एवढं हवं. यातल्या बहुतेक गोष्टींना नवं अनुदान लागत नाही, निर्णय लागतो.

अभ्यास मंडळांच्या सदस्यांना म्हणून एकच विनंती. अभ्यासक्रमाचा पुढचा आराखडा हाती घ्याल तेव्हा सुरक्षेच्या विषयापुढचा ‘ऐच्छिक’ हा शब्द खोडा. इंदिरानगरातल्या त्या आजींना फसवणारा फोन यावा की नाही, हे ऐच्छिक नव्हतं.